कजागचा आवाज

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून टेलरबाई गाडीखाली शिरली. आयुष्यात पहिल्यांदाच. गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोळ्यांत अशी चमक, की तिला ओळखणाऱ्या कुणीही ताडलं असतं, आता ही कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. खरं तर हा सगळा खटाटोप बापासाठीच चालला होता.

तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं गाडी भाड्याने चालवली. पहाटे लोकांना स्टेशनवर सोडायचं, दुपारी पेशंट न्यायचे, संध्याकाळी वऱ्हाडं. त्यातली शेवटची अकरा वर्षं गाडीला सायलेन्सरच नव्हता. कुठल्याशा खराब रस्त्यावर दगड लागून तो गळून पडला आणि ‘पुढच्या महिन्यात नवा बसवतो’ असं बाबा अकरा वर्षं म्हणत राहिले. गाडी कोपऱ्यावर वळली की गल्लीभर स्वयंपाकघरांतली भांडी वाजायची. शाळेत गणिताच्या बाई फळ्यावरचा हात थांबवून म्हणायच्या, “आले गं तुझे वडील,” आणि वर्ग हसायचा. टेलरबाई तेव्हा नववीत होती. तिला लाज वाटायची आणि आतून भारीही वाटायचं. बाबांनी गाडीचं नाव ठेवलं होतं कजाग. घरात शिरताना म्हणायचे, “आलो बाबा, कजाग बाईला घेऊन.” आई म्हणायची, “मला कशाला सांगता? सगळ्या गावाला कळलंय.”

आई गेली, गाडी विकली गेली, बाबा ऐंशीच्या पुढे गेले. दुकान खाली आणि घर वर. पूर्वी बाबा रोज खाली येऊन दुकानाच्या स्टुलावर बसायचे आणि गिऱ्हाइकांना नको ते सल्ले द्यायचे. मग आठ महिन्यांपूर्वी त्यांनी खाली येणंच बंद केलं. का, तर म्हणे ऊन आहे. ऊन सरलं तर म्हणे वारा आहे. वाराही नसला तर “खाली माझं काय ठेवलंय?” डोळे अधू झाले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, ऑपरेशन होऊनही फारसा फरक पडला नव्हता. पण बाबा घरात भराभर फिरत, स्वतःचा चहा स्वतः गाळत आणि पेपर वाचता आला नाही की छपाईला शिव्या देत, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डॉक्टरांनी मात्र गेल्या महिन्यात स्पष्ट सांगितलं. “यांना बाहेर काढा. चालवा. आणखी दोन-तीन महिने असेच घरात बसून काढले तर पाय कायमचे जातील.”

तेव्हापासून टेलरबाई हात धुऊन बाबांच्या मागे लागली होती. गोडीगुलाबी झाली, रुसवाफुगवा झाला, एकदा रडूनही झालं. बाबा ढिम्म. अशात एका गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं, की जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाच्या आवारात तशीच एक गाडी उभी आहे. ती नवऱ्याला घेऊन पळत गेली. रंग बदललेला, सीटांना नवे कव्हर, पण नंबर तोच. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि तिथेच ठरवलं.

गेल्या रविवारी ती कजागला चालवत घरी घेऊन आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. खिडकीखाली गाडी उभी केली, हॉर्न वाजवला. वरची खिडकी उघडली. बाबांनी मान तिरकी करून, गाडी बंद होईपर्यंत, अर्धा मिनिट कान दिला.

“कुणाची गाडी?” त्यांनी विचारलं.

“तुमची! बाबा, कजाग आहे! नंबर बघा ना!”

“नंबर कुणीही रंगवतो. कजाग आली की भांडी वाजायची. ही तर मुकी आहे.”

“आधीच्या मालकाने सायलेन्सर बसवलेत हो, दोन-दोन. खाली या ना, हात तरी लावून बघा.”

“मुक्या गाडीला बघायला मी जिना उतरणार नाही,” असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसरी कुणी असती तर मुसमुसत बसली असती. पण टेलरबाईचा धंदाच असा, की गिऱ्हाईक नाक मुरडून म्हणालं ‘खांद्यात बसत नाही’, की आपण खांदा उसवायचा. रुसायचं नाही. आठवडाभर तिने ब्लाउज शिवता शिवता डोक्यात गाडीच शिवली. आणि आज ती त्या गाडीखाली होती.

“अगं, सांभाळून,” बाहेरून नवरा म्हणाला. तो पोस्टात काउंटरवर बसायचा. सगळं जग त्याच्याकडे फॉर्म भरून यायचं आणि तो प्रत्येकाला रकाना चुकला म्हणून परत पाठवायचा. आताही त्याच्या हातात एक फॉर्म होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने कामाच्या पायऱ्या लिहून आणल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं. “पहिली पायरी, गाडी थंड असावी. आहे. दुसरी, जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या लावाव्यात. लावल्या. तिसरी…”

“तिसरी, तुम्ही तोंड बंद ठेवून बॅटरी धरा,” गाडीखालून आवाज आला.

“आणि गल्लीने तक्रार केली तर?”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे. बाबा एकदा खाली आले, बसले, की सोमवारी सायलेन्सरचे डबे परत जागेवर. लोकांच्या कानांनी आपलं काय वाकडं केलंय?”

खाली डोकं घातल्यावर पहिल्यांदा तिला काहीच कळेना. इंजिनाकडून एक पाइप येत होता, गाडीच्या पोटाखाली एका चपट्या डब्यात शिरत होता, पलीकडून निघून मागच्या चाकांच्या ॲक्सलवरून वाकून जात होता आणि शेवटी एका मोठ्या डब्यात शिरत होता. मग तिला एकदम उलगडलं. अरेच्चा, ही तर बाही! खांदा, कोपर, मनगट. डब्यांच्या जागी चुण्या आहेत एवढंच. चुण्या काढायच्या आणि सरळ तुकडा लावायचा. ती आनंदाने उठून बसायला गेली आणि कपाळ लोखंडावर आपटलं.

बोल्ट मात्र बाहीसारखे नव्हते. गंजून एकजीव झाले होते. नवऱ्याने पाना लावून जोर केला, पाना सटकला आणि पोस्टाचा तो सभ्य माणूस धपकन मागे बसला. तिने शिलाई मशीनचं तेल आणलं. मशीनच्या अडलेल्या सुट्या भागांना ती थेंब थेंब घालायची, इथे तिने आख्खी बाटली रिकामी केली. डबे ज्या रबरी कड्यांत लटकत होते त्या कड्यांनाही चोळलं. वीस मिनिटं दोघं गाडीच्या बाजूला फतकल मारून बसली. मग तिने पाना लावला, नवऱ्याने तिच्या हातांवर हात ठेवले, दोघांनी दात-ओठ खाल्ले आणि बोल्ट किंचाळत फिरला.

“फिरला! अहो, फिरला!”

“ओरडू नकोस, वर ऐकू जाईल.”

“जाऊ दे की!”

पहिला डबा धाडकन खाली पडला तेव्हा दोघांनी लहान पोरांसारख्या टाळ्या पिटल्या. दुसऱ्याने तासभर दमवलं, त्यात तिचं नख गेलं आणि नवऱ्याच्या तोंडून असे शब्द गेले जे कुठल्याच रकान्यात बसले नसते. पण संध्याकाळच्या आत दोन्ही डबे भिंतीला टेकून उभे होते. गाडीच्या पोटाखाली दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या, एक मध्ये आणि एक मागे.

त्या जागांसाठी नवऱ्याने सकाळीच स्पेअर पार्टच्या दुकानातून सरळ पाइप, चार जोड-नळ्या आणि क्लॅम्प आणून ठेवले होते. दुकानदाराने सांगितलेलं त्याने शब्दशः लिहून घेतलं होतं आणि आता खणखणीत वाचून दाखवलं, “दोन पाइपांची तोंडं एकमेकांना भिडवायची. वरून जोड-नळी चढवायची. क्लॅम्प आवळायचा. जेवढी फट, तेवढाच पाइप कापायचा.”

“हं,” ती म्हणाली. आणि इथेच घोळ झाला.

कारण टेलरबाईने ऐकलं कानाने, पण मापं घेतली हाताने. आणि तो हात तीस वर्षांचा शिंपी होता. कपडा कापताना मापाच्या पुढे थोडं कापड सोडायचं, जे शिवणीत आत दडतं, त्याला माया म्हणतात. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ती पहिल्या दिवशी हेच घोकायला लावायची. माया सोडली नाही तर कपडा उद्या अंगावर टरकन फाटेल. सोडलेली माया कापता येते, कापलेली जोडता येत नाही. तर टेलरबाईने पट्टी लावून मधली फट मोजली, मागची मोजली, पाइप टेबलावर आडवा घातला, खडूने खूण केली आणि मग तिचा हात, तिला न विचारता, दोन्ही टोकांना दीड-दीड इंच पुढे सरकून दुसरी खूण करून मोकळा झाला. तिने त्याच खुणांवर करवत चालवली. नवरा पायऱ्या वाचत राहिला.

रविवारी सकाळी तुकडे बसवताना ते बसेनात. “घट्ट आहे,” नवरा म्हणाला.

“घट्टच हवं. ढगळ काय कामाचं?” ती म्हणाली. त्याने पाय लावून मागचा वाकडा पाइप मागे रेटला, रबरी कड्या ताणून लांब झाल्या आणि कसाबसा मधला तुकडा आत शिरला. मागचा बंपरच्या बाहेर जीभ काढल्यासारखा दिसत होता. तिला तो देखणा वाटला. क्लॅम्प आवळले, घोड्या काढल्या, गाडी चाकांवर उभी राहिली.

टेलरबाई स्टेअरिंगमागे बसली. तिने वर खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद. “बाबा, ऐका आता,” ती पुटपुटली आणि किल्ली फिरवली.

काय आवाज झाला म्हणून सांगावं! आधी एक ढेकर, मग खोकला आणि मग जमिनीतून वर आल्यासारखी ती घरघर, जाडजूड, ओबडधोबड, छातीत शिरून बसणारी. दुकानाचं शटर थरथरलं. आरसे थरथरले. समोरच्या दुकानातून न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, त्याच्या मागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आलं. कुठून तरी तीन कुत्री आली आणि भुंकायला लागली, पण त्यांची फक्त तोंडं हलताना दिसत होती. टेलरबाईने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने अशी डरकाळी फोडली की तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती पुन्हा नववीत होती, गणिताच्या बाईंचा हात फळ्यावर थांबला होता आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

“ऐकू आलं का त्यांना?” ती ओरडली.

“काय?” नवरा ओरडला.

“ऐकू! आलं! का!”

“मला काहीच ऐकू येत नाही!”

न्हाव्याने हाताने खूण केली, वर बघा. टेलरबाईने वाकून पाहिलं. खिडकी सताड उघडी होती आणि बाबा अर्धे बाहेर वाकले होते. चेहरा लालबुंद. तोंड उघडत होतं, मिटत होतं, हातातली काठी खिडकीच्या चौकटीवर आपटत होती. तिला वाटलं, खूश झालेत. तिने आणखी एकदा ॲक्सिलरेटर दाबला. बाबांनी दोन्ही हात कपाळावर मारून घेतले आणि खिडकीतून दिसेनासे झाले.

“गेले,” नवऱ्याचे ओठ म्हणाले.

तिचा चेहरा पडला. एवढं करूनही म्हातारा आत जाऊन पडला असेल तर आता काय उरलं? हाताशी दुसरा उपाय नव्हता. डॉक्टरांचे शब्द तिच्या डोक्यात त्या घरघरीच्याही वर वाजायला लागले. तिने किल्लीकडे हात नेला आणि नेमकं त्याच वेळी नवऱ्याने तिच्या खांद्याला इतक्या जोरात बोटं रुतवली की ती कळवळली. तो दाराकडे बघत होता.

जिन्याच्या दारात बाबा उभे होते. अनवाणी, लेंगा घोट्याच्या वर चढलेला, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात काठी. आठ महिन्यांनी.

तिने इंजिन बंद केलं. शांतता अशी पडली की कुत्र्यांनाही लाज वाटून ती गप्प झाली.

“पाइप कुणी कापलाय?” बाबा गरजले. “कुठल्या शहाण्याने? वरून घसा फोडून सांगतोय, बंद कर, बंद कर, तर आणखी दाबतायत!”

“हिने,” पोस्टातल्या माणसाने क्षणाचाही विलंब न लावता बायकोकडे बोट केलं.

“बाबा, तुम्ही खाली…” आनंदाने तिला रडू येत होतं आणि शिव्या ऐकून धडकीही भरत होती.

“माझं सोड! खडखड ऐकू येत नाही तुला? आवाजाच्या खाली खडखड आहे. पाइप टेकतोय. मागे, ॲक्सलला. अर्ध्या तासात घासून भोक पडेल. फट किती आणि पाइप किती कापलास?”

तिने मापं सांगितली. सांगता सांगता तिचाच आवाज बारीक होत गेला, कारण बेरीज जमत नव्हती. मधल्या फटीपेक्षा पाइप तीन इंच जास्त भरत होता. मागचाही तीन इंच जास्त.

“हे तीन इंच कशाचे?”

“माया सोडली,” ती म्हणाली. “दीड इंच. दोन्हीकडे.”

“लोखंडाला?” बाबांनी विचारलं. “लोखंडाला माया सोडलीस? उद्या गाडी अंगाने भरली तर उसवून सैल करणार होतीस?”

आधी न्हावी हसला. मग अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक हसलं. मग टेलरबाई स्वतःच स्टेअरिंगवर कपाळ टेकून इतकी हसली की तिच्या कपाळाने हॉर्न वाजला. बाबांना हसू आवरायचं होतं, पण त्यांच्या मिशा त्यांच्या ऐकण्यात राहिल्या नाहीत.

त्यानंतरचा दीड तास त्या घरातला गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात सुखाचा दीड तास होता. दुकानातलं स्टूल बाहेर आलं, बाबा गाडीच्या मडगार्डवर तळहात टेकवून स्टुलावर बसले आणि हुकूम सोडायला लागले. पाइप थंड होऊ द्या. मधला तुकडा काढा. जास्तीचं कापा, आता तरी मापात. टेलरबाई करवत चालवत होती आणि बाबा नुसत्या करकरीवरून सांगत होते, “तिरकी जातेय. सरळ धर.” ती सरळ धरायची आणि खरंच करवत तिरकी गेलेली असायची.

“जावईबापू, पाना उलटा धरलाय.”

“तुम्हाला कसं कळलं?” गाडीखालून नवऱ्याने विचारलं.

“सुलटा धरलेला माणूस इतका कण्हत नाही.”

कापलेले तुकडे बसवले तर ते असे बसले की दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाथ नाही, रेटारेटी नाही. तोंडाला तोंड भिडलं, नळी सरकली, क्लॅम्प आवळला. रबरी कड्या निवांत लोंबायला लागल्या. बाबांनी मागे हात घालून पाइपाचं टोक चाचपलं, ॲक्सलपाशी दोन बोटं घातली. बोटं मोकळी फिरली.

“कर चालू,” ते म्हणाले.

या वेळी आवाज आला तो निर्मळ. तीच घरघर, तीच ताकद, पण खालचा खडखडाट गायब. एका लयीत, गोल, भरदार. न्हाव्याच्या दुकानातल्या बाटल्या किणकिणल्या. वरून, त्यांच्याच घरातून, कसलंसं भांडं फळीवरून घरंगळत येऊन जमिनीवर पडल्याचा आवाज आला. बाबांनी मान तिरकी केली. त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या.

“सरक,” ते तिला म्हणाले. “गिअरमधून काढ आणि सरक.”

हँडब्रेक लावलेली गाडी, न्यूट्रल गिअर आणि स्टेअरिंगमागे एक्याऐंशी वर्षांचा ड्रायव्हर. त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, हलकेच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कजाग बोलायला लागली. बाबा दाबत, ती उत्तर देई. बाबा हसत, मग दाबत. शेजारी बसलेल्या टेलरबाईने त्यांच्या पावलाकडे पाहिलं. त्या पावलात कसलाही थरकाप नव्हता. हे पाय जाणार म्हणत होता तो डॉक्टर! तिला वाटलं, धावत जाऊन त्याला ओढून आणावं.

मग ती स्टेअरिंगवर, बाबा शेजारी, नवरा मागच्या सीटवर आणि गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून डावीकडे, शाळेवरून आणि परत. फक्त एवढंच, असं नवऱ्याने तीनदा बजावलं होतं. बाबांनी खिडकीची काच खाली केली होती आणि कोपर बाहेर काढलं होतं. ओळखीचे लोक दारांतून, गॅलऱ्यांतून डोकावत होते, कुणी कानांवर हात ठेवून, कुणी हात हलवून. एक म्हातारी ओरडून काहीतरी म्हणाली. ते कुणालाच ऐकू आलं नाही, पण बाबांनी राजासारखा हात वर केला.

घरी आल्यावर तिने गाडी बंद केली. इंजिनाने थांबता थांबता एक उचकी दिली आणि सगळं निवलं. नवरा डबे आवरायला मागच्या बाजूला गेला. टेलरबाई बाबांना हात धरून जिन्यापाशी घेऊन आली. तिथे बाबा थांबले. काठी पुढे करून त्यांनी पहिली पायरी शोधली, सापडली, पण पाय काही उचलला नाही.

“दमलात?”

“नाही.”

“मग?”

तोंड भिंतीकडे ठेवूनच बाबा म्हणाले, “गाडी पहिल्याच दिवशी ओळखली होती मी. खिडकीखाली येऊन थांबली तेव्हाच. बंद होताना उचकी देते ना, ती अजून देते.”

टेलरबाईला नीट कळेना. “मग म्हणालात का, की माझी नव्हे म्हणून?”

“हा जिना मला दिसत नाही गं,” बाबा म्हणाले. “वर घरात सगळं पाठ आहे. खाटेपासून ओट्यापर्यंत किती पावलं, ओट्यापासून मोरी किती. पण इथे नुसता अंधार. आठ महिन्यांपूर्वी वाटलं, संपल्या पायऱ्या, टाकला पाय, तर दोन बाकी होत्या. भिंत हाताला लागली म्हणून वाचलो. तू दुकानात होतीस, मशीन चालू होतं. कुणाला कळलं नाही. मीही कळू दिलं नाही. जन्मभर लोकांना घाटातून रात्री-अपरात्री सुखरूप आणलेला माणूस मी. मुलीला काय सांगू, की मी जिन्याला भितो?”

“आणि आज कसे उतरलात?”

“रागात उतरलो. ती खडखड ऐकवेना. खाली आल्यावर लक्षात आलं, आपण उतरलोय.”

तिला हसू आलं आणि त्या हसण्याच्या पोटातून रडू वर आलं आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. स्वतःचा इतका राग आला तिला! गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून टेबलापाशी येईपर्यंत त्याचा कुठला खांदा उतरता आहे आणि कुठला पाय आखूड, हे तिला कळायचं. गावात तिचं नाव होतं त्यासाठी. आणि ज्या माणसाच्या हाताला धरून ती चालायला शिकली, तो आठ महिने अंधाराला घाबरून वर बसला होता आणि ती गाडीला आवाज शोधत फिरत होती.

“सांगायचं ना हो बाबा,” एवढंच तिला म्हणता आलं.

“आता सांगितलं ना! आणि ते डबे उद्या परत बसव. कान किटले माझे.”

तिने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. बाबांचा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि त्यांच्यापुढे पहिल्या पायरीवर चढली. “एक,” ती मोठ्याने म्हणाली. बाबांचा पाय वर आला. “दोन.” पायरी चढून ती थांबायची, खांद्यावरचा हात जड व्हायचा, हलका व्हायचा आणि मग ती पुढचा आकडा बोलायची. आठव्या पायरीवर जिना वळत होता, तिथे ती म्हणाली, “इथे डावीकडे, पायरी आत निमुळती आहे.” बाबांनी पाऊल घासून ती निमुळती जागा नीट तपासून घेतली. ती या घरात जन्मली, या जिन्यावरून दिवसातून वीस वेळा धावली, पण पायऱ्या किती आहेत ते तिला आजपर्यंत माहीत नव्हतं.

“अठरा,” ती म्हणाली आणि वरची फरशी पायाला लागली. “झालं. आलं घर.”

“अठरा,” बाबा स्वतःशी म्हणाले. “आठव्यावर वळण.” ते उंबऱ्यापाशी उभे राहिले, श्वास खाली बसू दिला. तिला वाटलं, आता खाटेवर जाऊन पडतील. ती त्यांच्यासाठी पाणी आणायला वळली, तर खांद्यावरचा हात निघाला नाही.

“पाणी नंतर,” बाबा म्हणाले आणि सावकाश मागे फिरून त्यांनी काठीने पायरीची कड शोधली. “चल, आता उतरताना मी मोजतो.”